घंटीबाबाची टाच

घंटीबाबाच्या सभागृहात गर्दी एवढी, की शिंक आली तर शेजाऱ्याच्या नाकातून काढावी लागेल. मधोमध लाकडी मंच, वर नुसत्या फळ्या. त्यावर बाबांकडे पाठ करून बाळ बसवायचं. बाबा मागून अंगठ्याएवढी घंटी किणकिणवत. पहिल्या रांगेलाही ती धड ऐकू येत नसे, आणि बहिरं लेकरू मात्र गर्रकन वळून बघे.

"डॉक्टर कानात बघतात," बाबा म्हणत, "मी कानाच्या पलीकडे बघतो."

कानाच्या पलीकडे दुसरा कानच असतो, हे सांगायची कुणाची छाती नव्हती. बाबांची अट एकच. यंत्र लावलं की कान रुसतो. म्हणून कानाचं यंत्र टोपलीत टाकायचं आणि कान पिकायची वाट बघायची. टोपली निम्मी भरली होती.

रांगेत सुतार होता, कडेवर वर्षाच्या आतली पिटुकली. सोबत त्याची आई आणि बायको. यंत्र बायकोच्या पिशवीत होतं.

"कान तपासणाऱ्या बाई काय म्हणाल्या, विसरलात?" बायको कुजबुजली. "मूल पोटात असल्यापासून ऐकतं. ऐकून ऐकून बोलायला शिकतं. हे दिवस वाया गेले तर मागाहून फार जड जाईल तिला."

"अगं, मी हातोडी मारली की बघते ना ती माझ्याकडे. म्हणजे थोडं ऐकतेच."

"सूनबाई, तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "एवढी माणसं काय खुळी आहेत?"

सुनेने पिशवी मात्र सोडली नाही.

त्यांचा नंबर आला. पिटुकली एका बाजूला कलायला लागली, म्हणून सुतार तिच्याजवळ बसला आणि एक हात फळीवर टेकवला. घंटी किणकिणली. पिटुकली वळली. लोकांनी बाबांचा जयजयकार केला.

सुताराच्या तळहाताला फळीतून ठोका लागला होता.

"यंत्र टाक," सासूबाई म्हणाल्या.

"थांब, आई." सुताराने लेकीला उचलून खांद्याशी धरलं. "बाबा, परत एकदा वाजवा."

घंटी वाजली. पिटुकली बापाची कॉलर चघळत राहिली.

"तुझी श्रद्धा कमी पडली, बाळा."

"श्रद्धा होती तेवढीच आहे, बाबा. खाली फळी नाही."

त्याने पिटुकलीला पुन्हा बसवलं आणि तिच्या मागे मुठीने फळीवर ठोका दिला. ती वळली.

"घंटी तर तुमच्याच हातात आहे. आता झगा जरा वर घ्या, टाच बघू."

बाबांनी झगा असा आवळला, जणू आत सगळं विश्व सांडणार होतं. पुढचे लोक मात्र वाकून बघायला लागले. बाबांच्या टाचेला, आवाज होऊ नये म्हणून चिंधीत गुंडाळलेला, लाकडाचा ठोकळा बांधलेला होता. तो फळीवर आपटला की बाळाच्या बुडाला हादरा बसे. बाळ वळे ते हादऱ्याने. लोक बघत घंटीकडे.

सुताराने लेकीला फळीवरून उचलून घेतलं. घरी पिटुकली त्याच्या कामाच्या फळीवरच खेळायची. इतके महिने हातोडीच्या हादऱ्याला तो ऐकणं समजत होता. बाबा निदान दुसऱ्यांना फसवत होता.

बायकोने पिशवीतून यंत्र काढून लेकीच्या कानाला लावलं. पिटुकलीने ते ओढून तोंडात घातलं. आईने पुसून पुन्हा लावलं.

"बघा, काही झालं नाही," बाबा म्हणाले.

"होणारही नाही, आज," बायको म्हणाली. "उद्याही ती बोलणार नाही. आम्ही रोज बोलू, ती रोज ऐकेल, मग शिकेल. जादू तुमच्याकडे होती, बाबा. आमच्याकडे नुसतं काम आहे."

लोकहो, मूल ऐकत नाही अशी शंका आली तर फळी ठोकू नका, मागून टाळ्या वाजवू नका. फळी हलते, टाळीचा वारा लागतो, सावली पडते. मूल त्यानेही वळतं. सरळ तपासणीला न्या, आणि लवकर न्या. कान काही आंबा नव्हे, आढीत घालून पिकवायला.

मागच्या रांगेतली एक आई उठली, मंचावर चढली आणि टोपलीत हात घालून आपल्या लेकराचं यंत्र शोधायला लागली. बाबा म्हणाले, "दान परत घेता येत नाही."

"मग अडवा," ती म्हणाली. तोवर तिच्यामागे रांग लागली होती.