दाईला कुंपणाबाहेर

"दफनभूमीच्या कुंपणाच्या आत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "बाहेर बांधावर कुठंही पुरा."

आई पहाटे गेली होती. तिच्या नखांतली शेतातली माती काढून, हात पुसून मी थेट चर्चच्या दारात आले होते. पाळकांशेजारी मंडळीचे कारभारी उभे होते, त्यांच्यामागे त्यांची बायको. माझ्यासोबत कुदळी घेतलेले चार शेजारी.

"चाळीस वर्षं ती तुमच्या शेवटच्या बाकावर बसली," मी म्हणाले.

"बसून काय होतं? बाप्तिस्म्याशिवाय आत जागा नाही. तिच्या बाप्तिस्म्याची तीनदा तारीख ठरवली. तीनदा पळाली."

"पळाली नाही. तीनदा कुणाच्या तरी घरी कळा सुरू झाल्या. तिसऱ्यांदा तर तुमच्याच सुनेला."

"देव बोलावतो तेव्हा हातातलं टाकून जायचं असतं, बाई."

"हातात बाळाचं डोकं असलं तरी?"

"आईला माती द्यायची सोडून भांडायला आलीय!" कारभारी खेकसले. "चार बुकं वाचून शेफारलीय नुसती."

आई शेतमजूर होती आणि गावची दाई. जन्मलेलं मूल जगत नाही असं दिसलं, की ती वाटीभर पाणी चुलीवर कोमट करायची आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेऊन त्याच्या कपाळावर ओतायची. गार पाण्यानं दचकेल, म्हणायची. अशी अकरा बाळं कुंपणाच्या आत, चर्चच्या भिंतीलगत पुरलेली आहेत. त्यांचा बाप्तिस्मा पाळकसाहेबांनीच वहीत चढवला होता.

मी तसं म्हणाले.

"तो मुद्दा वेगळा."

"वेगळा कसा?" कारभाऱ्यांची बायको पुढे आली. "माझ्या लेकराला पाणी देणारा हात बाहेरचा, तर लेकरूही बाहेरचं."

"गप बैस," कारभारी म्हणाले.

"वीस वर्षं गप्पच बसलेय." तिनं एका शेजाऱ्याची कुदळ घेतली आणि तरातरा भिंतीकडे निघाली. आपल्या बाळाच्या उंचवट्यापाशी पदर खोचून तिनं कुदळ उचलली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" कारभारी धावले.

"थांबवा तिला!" पाळकसाहेब ओरडले. मग माझ्याकडे वळले. "पुरा तिथंच. पण मी प्रार्थना करणार नाही."

"मागितलीय कुणी?"

कारभाऱ्यांनी बायकोच्या हातातली कुदळ ओढून घेतली. बाळापासून हातभर अंतर सोडून त्यांनी मुरमात पहिला घाव घातला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "उंची किती होती तिची?"