अकरा पावलांची गल्ली

नाताळच्या दिवशी आमच्या मिशन कंपाउंडातली मधली गल्ली रुंद होते. एरवी ती अकरा पावलांची आहे. पंचवीस डिसेंबरला सकाळची उपासना आटोपून माणसं घरी येतात तोवर दोन्ही रांगांतली घरं एकमेकांपासून लांब गेलेली असतात, आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की पुन्हा जागेवर येतात. कुणीतरी अर्ज केला तेव्हा नगरपालिकेचा माणूस फीत घेऊन आला, पण आला तो सव्वीस तारखेला. गल्ली अकरा पावलं भरली. चहा पिऊन गेला बिचारा.

एस्तेरबाई उजागरे अलीकडच्या रांगेत राहतात आणि सालोमीबाई चक्रनारायण बरोबर समोर, दारासमोर दार. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन कंपाउंडात आल्या, दोघींनी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, आणि दोघींचे नवरे मागच्या कबरस्तानात आता शेजारी शेजारी आहेत.

आमच्याकडे नाताळचा फराळ आधी झाकून ठेवतात. समोरच्या घरून ताट आल्याशिवाय आपल्या घरचा कणही तोंडात घालायचा नाही, असा दंडक. ताटावर ज्याचं त्याचं नाव घातलेलं असतं, आणि ते रिकामं परत जात नाही.

पूर्वी गल्ली रुंद व्हायची नाही. दोघी एकाच स्वयंपाकघरात बसून करंज्या करायच्या. एस्तेरबाई सारण भरायच्या, सालोमीबाई कातण फिरवायच्या, आणि कुणाचं सारण जास्त गोड यावर आठवडाभर बोलणं चालायचं. पहाटे गाणारी मंडळी डिमडी आणि टाळ घेऊन यायची आणि चहा मिळेपर्यंत दारातून हलायची नाहीत. मग एका वर्षी सालोमीबाईंनी दुकानातून तयार करंज्या आणल्या. त्या वर्षी गल्ली चौदा पावलं भरली. एस्तेरबाईंनी सकाळी फोनवरच शुभेच्छा पाठवून ताट दुपारवर ढकललं, त्या वर्षी मधे क्रिकेटचा सामना होईल एवढी जागा झाली, आणि तो झालाही. गाणारी मंडळी टेंपोत स्पीकर लावून यायला लागली तेव्हा समोरच्या दारात कोण उभं आहे ते ओळखू येईना.

कुणी मनावर घेतलं नाही. आयती जागा मिळाली म्हणून तरुण मंडळाने गल्लीत प्लॅस्टिकचं झाड उभं केलं, फोटोसाठी कापसाच्या दाढीचा एक पुतळा खुर्चीत बसवला, आणि अगदी मध्यावर सिमेंटचा बाक ठेवला. या वस्तू नाताळच्या दिवशी ठेवलेल्या असल्यामुळे बाकीच्या वर्षात त्या दिसत नाहीत. घंटेच्या वेळी जे गल्लीत असतं ते गल्लीतच राहतं आणि पुढच्या नाताळला होतं तिथे सापडतं. पुढेपुढे लोक ताटाचा फोटो पाठवू लागले. फोटो आला की ताट आलं असं धरायचं आणि खायला बसायचं. फार सोय झाली.

या दोघी मात्र फोटोवर जेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. गेल्या वर्षी गल्ली एकटीने ओलांडण्यापलीकडे गेली, तेव्हा फोनवर ठरलं की दोघींनी निम्मं निम्मं चालायचं आणि बाकावर ताटं बदलायची. एस्तेरबाई निघाल्या. पाव वाटेवर, त्या प्लॅस्टिकच्या झाडापाशी, पुण्याहून लेकाचा व्हिडिओ कॉल आला. नातीने लाल टोपी घातली होती. एस्तेरबाई झाडाच्या कट्ट्यावर टेकल्या, नातीचं गाणं ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि बोलता बोलता रुमाल सारून ताटातली एक करंजी खाल्ली. खाल्ल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग उन्हं उतरली म्हणून त्या माघारी फिरल्या. घंटा झाली, घरं जवळ आली. समोरचं दार उघडं होतं आणि सालोमीबाई घरात नव्हत्या.

कंपाउंडाचा समज असा झाला की त्या नाशिकला मुलाकडे गेल्या. मुलाचा समज असा की आई कंपाउंडातच आहे आणि रागावून फोन उचलत नाही. खरं काय ते एकट्या एस्तेरबाईंना ठाऊक होतं. सालोमीबाईंच्या दारावरची कागदी चांदणी उन्हाळाभर, पावसाळाभर तशीच पेटलेली राहिली. एस्तेरबाई रोज अकरा पावलं चालून जायच्या, दारच्या मोगऱ्याला पाणी घालायच्या आणि येताना सहाव्या पावलाशी, बाक असायला हवा तिथे, थांबायच्या. तिथे काही नसायचं. त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि मैत्रिणीची आठवण इतकी यायची की रात्रीची भाकरी ताटात तशीच राहायची.

यंदा त्या उपासनेहून घरी न टेकता निघाल्या. लेकाने आदल्या दिवशी सांगितलं होतं की आई, तू कशाला चालतेस, हल्ली सगळं मागवता येतं. फोन त्यांनी पिठाच्या डब्यावर ठेवून दिला. पायात कॅनव्हासचे बूट घातले, सालोमीबाईंचं ताट उचललं, त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि ओटा उतरल्या.

प्लॅस्टिकच्या झाडाला वर्षभरात दोन नव्या फांद्या फुटल्या होत्या, त्याही प्लॅस्टिकच्या. एस्तेरबाई कट्ट्याकडे न बघता पुढे गेल्या. पुतळ्याची दाढी गुडघ्यापर्यंत आली होती. त्याच्या पलीकडे एक माणूस मोटरसायकल ढकलत समोरून येत होता. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, हातात मोबाईल.

"मावशी, उजागऱ्यांच्या समोरचं घर कुठलं?" त्याने विचारलं.

"मीच उजागरे. तू कधी निघालास?"

"परवाच्या वर्षी." त्याने मोबाईल दाखवला. तीन मिनिटांत पोचणार असं त्यावर लिहिलं होतं. "निघालो तेव्हापासून तीनच दाखवतंय. पुण्याच्या सॅम्युएल उजागऱ्यांनी केक पाठवलाय, समोरच्या काकूंसाठी."

एस्तेरबाईंना लेकाचा राग आला आणि मग दयाही आली. त्याने आपल्या परीने ताटच पाठवलं होतं. माणसाने भूक लागल्याचं सांगून रुमालाकडे पाहिलं. एस्तेरबाईंनी ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि हे समोरच्यांचं आहे, यातलं देता येणार नाही, असं त्याला सांगितलं. त्यांच्या जिवावर आलं, पण सांगितलं.

"असू दे," तो म्हणाला. "पुढे बाकावर एक मावशी बसल्यात. त्यांनीही नाही दिलं. पत्ता विचारायचं राहूनच गेलं."

यानंतर एस्तेरबाई भराभर चालू लागल्या. गुडघे दुखत होते. एकदा मागे वळून पाहिलं तर त्यांच्या दाराची चांदणी तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती, आणि समोरच्या दाराचीही तेवढीच. डाव्या-उजव्या बाजूला घर नव्हतं, माणूस नव्हतं, नुसती शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ जमीन. ऊन कलायला लागलं होतं. घंटा होईल आणि पुन्हा वर्ष जाईल, या भीतीने त्या जवळजवळ पळू लागल्या आणि करंज्या ताटात वाजल्या.

सालोमीबाई बाकावर बसल्या होत्या. गेल्या नाताळची जांभळी साडी, मांडीवर झाकलेलं ताट. त्या सरकल्या आणि एस्तेरबाईंसाठी जागा केली.

"उशीर केलास गं," त्या म्हणाल्या.

"केला."

"कुणाशी बोलत बसलीस?"

"नातीशी. शाळेत जायला लागली आता."

सालोमीबाईंनी मनाशी काहीतरी हिशेब केला आणि मान हलवली. एस्तेरबाईंना बोलल्याशिवाय राहवेना.

"तुझ्या ताटातली एक करंजी मी खाल्ली. गेल्या वर्षी."

"मग यंदा एक जास्त घातली असशील."

"घातली."

"मग झालं तर."

त्यांनी ताटं बदलली. एस्तेरबाईंना रडू आलं आणि त्या रडल्या. सालोमीबाईंनी त्यांना रडू दिलं आणि रुमाल बाजूला करून पहिली करंजी उचलली. वर्षभराने खात होत्या, तरी घाई नव्हती. सारण जरा जास्त गोड झालंय, असं त्या म्हणाल्या. एस्तेरबाईंनीही डोळे पुसून एक करंजी घेतली. ती वर्षापूर्वीची होती आणि कालच तळल्यासारखी खुसखुशीत होती.

तेवढ्यात घंटा सुरू झाली. एस्तेरबाई उठल्या, सालोमीबाईंच्या दंडाला धरलं, कुठलंही दार चालेल पण चल, म्हणाल्या.

"बस," सालोमीबाई म्हणाल्या. "आधी खाऊन घे."

घरं निघाली होती. एका बाजूने एस्तेरबाईंचं, दुसऱ्या बाजूने सालोमीबाईंचं, दोन्ही चांदण्या मोठ्या होत येत होत्या. एस्तेरबाई पुन्हा बसल्या आणि नजरेने पावलं मोजू लागल्या. चाळीस. तीस. वीस. आता मोगरा दिसत होता आणि अलीकडच्या घरात पिठाच्या डब्यावर फोन वाजत होता. अकरा पावलं उरली तेव्हा घरं थांबायला हवी होती, ती थांबली नाहीत. आठला सालोमीबाईंनी ताट मांडीवरून उचलून छातीशी धरलं. पाचला एस्तेरबाईंनी पाय आत ओढून घेतले; दोन्ही घरांचं पुन्हा एकच स्वयंपाकघर व्हायला आलं होतं.