नुसतं ठीक

"ठीक हाये म्हंजे?" संघर्षने बाइक आर्णी रोडच्या कडेला घेतली, पण बंद केली नाही. "चांगला हाये का बेकार हाये?"

मागे बसलेल्या बादलने संघर्षचे हेडफोन कानावरून काढून गळ्यात अडकवले. "दोन्ही नाई. ठीक हाये."

"तीन वर्षं घातली ना बे त्यात!"

"म्हणून तर शिव्या नाई देऊन राह्यलो."

संघर्ष हसला नाही.

त्याच्या बँडचं नाव 'धुपट'. यवतमाळच्या तीन पोरांनी काढलेला. गाण्यात कापसाच्या जिनिंगचा खडखडाट, उलटे वाजवलेले सूर, विहिरीतून कोणी बोलतंय असे आवाज. याला सायकेडेलिक पॉप म्हणतात, असं संघर्ष सांगायचा आणि मग अर्धा तास समजावत बसायचा. नवा अल्बम संध्याकाळी बाहेर येणार होता. बादल आर्णीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून गाण्यांबद्दल पोस्टी टाकायचा. जिल्ह्यातली पोरं त्या वाचून गाणी ऐकायची, कारण हा कोणाची भीड ठेवत नाही हे त्यांना माहीत होतं. धुपटच्या पहिल्या अल्बमने तो येडा झाला होता. या वेळी बँडमधले बाकीचे दोघे सोडायच्या बेतात होते. "लोकांनी उचललं तर थांबतो," म्हणाले होते. आणि उचलणं सुरू व्हायचं ते बादलपासून.

"काय खटकलं ते तरी सांग."

"याडीचं गाणं."

याडी, म्हणजे बादलची आई, बसंतीबाई. तिचा ढावलो अल्बममध्ये होता. बंजारा तांड्यावरची पोरगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गायची, तो ढावलो. रेकॉर्डिंगच्या दिवशी माइकसमोर बसंतीबाईच्या तोंडून शब्दच निघेना. "गळ्यात कोणाच्या पडू? या दांड्याच्या?" शेवटी बादल पुढे झाला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, तोंड खांद्यात खुपसलं आणि गायली. बादलही हुंदके द्यायला लागला. अल्बममध्ये ते हुंदके नव्हते. खांद्यात दबलेला आवाजही नव्हता. कुठली तरी चकाचक बाई ढगातून गात होती.

"तुह्यं रडणं कायले ठेवू बे? आवाज खराब होत होता."

"तोच तर आवाज होता, लेका."

"बरं. मावशीलेच विचारू. तिनं चांगलं म्हटलं तर चांगलं लिहिशीन?"

बादलने नुसते खांदे उडवले. संघर्षने तो होकार धरला आणि गाडी बादलच्या तांड्याकडे दामटली.

बसंतीबाई अंगणात तूर पाखडत होती. संघर्षने बादलच्या गळ्यातले हेडफोन काढून स्वतःच्या हाताने तिच्या कानावर बसवले. सूप थांबलं. दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. गाणं संपलं तरी तिने हेडफोन काढले नाहीत.

"आच्छो छ," ती बादलला घरच्या बोलीत म्हणाली. मग संघर्षकडे वळली. "लई बेस झालं, पोरा. पह्यल्यांदा माह्ये शब्द मलेच समजले. रडण्यात कोणाले कळते, बाई काय गाऊन राह्यली!"

"ऐकलं?" संघर्ष म्हणाला.

"ऐकलं."

"मंग लिही. माह्यासमोर."

बादलने मोबाइल काढला. 'जबरदस्त' एवढा एक शब्द पुरला असता. याडी खुश, बँड शाबूत. अंगठा कीबोर्डवर अडला. मग त्याने भरभर टाइप केलं आणि मोबाइल संघर्षच्या हातात दिला.

'धुपटचा नवा अल्बम ठीक आहे. ऐका, पण पहिल्यासारखं येड लागणार नाही. ढावलो खूप स्वच्छ झालाय. माझ्या आईला आवडला. मला नाही.'

संघर्षने दोनदा वाचलं. "एक शब्द बदलला असता, तर तुह्यं काय गेलं असतं?"

"मंग उद्या तुह्या गाण्याले मी खरंच चांगलं म्हटलं, तर तुले पटलं असतं का?"

"उद्या कोण गाणार हाये बे?"

बादलने मोबाइल परत घेतला. पोस्ट टाकली.

बसंतीबाईला यातलं काही कळलं नाही, पण दोघांची तोंडं तिला दिसली. "जेवून जाय रे, संघर्ष. आत्ता भाकर टाकतो."

"नको मावशी. पोरं वाट पाहून राह्यली." तिच्या कानावरचे हेडफोन त्याने हळूच काढले, वायर नीट गुंडाळली आणि ते स्वतःच्या गळ्यात अडकवले.

"थांब, मी येतो आर्णीपर्यंत," बादल मागोमाग गेला. "दुकान उघडाचं हाये."

 संघर्ष वाकला, बाइकचे मागच्या सीटचे दोन्ही फुटरेस्ट हाताने वर दुमडले आणि किक मारली.