पातेल्याची माकडटोपी

सुश्रुत देवस्थळी गेलं दीड वर्ष नेदरलँड्समध्ये, हेगमधल्या एका कला अकादमीत प्रेरणा गोळा करत होता. म्युझियम कार्ड काढलेलं असल्यामुळे प्रेरणा जवळजवळ फुकट पडायची, आणि फुकटच्या वस्तूचं होतं तेच तिचं झालं होतं. घरी आणल्यावर कुठे ठेवायची ते कळेना.

हेगला लागून असलेल्या रायस्वाइकच्या खोलीतून सायकल काढायची आणि गॅलऱ्या पालथ्या घालायच्या, हा त्याचा दिनक्रम. अतिवास्तववाद्यांचा धडा त्याला तोंडपाठ होता. ज्या दोन वस्तूंचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, त्यांची गाठ घालून द्यायची आणि आपण मध्ये पडायचं नाही. त्याने छत्रीत सिमेंट ओतलं. सायकलच्या सीटवर गवत रुजवलं. बुटाला दात बसवले. त्याची शिक्षिका मार्लूस प्रत्येक कलाकृतीपुढे मान तिरकी करून उभी राहायची आणि म्हणायची, "हं. हे आपण पाहिलंय."

मग म्हणाली, "तुझ्या स्वप्नांतून येऊ दे."

झोपण्यापूर्वी चीज खाल्लं की विचित्र स्वप्नं पडतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून सुश्रुत रोज गाउडाचा तुकडा खाऊन झोपू लागला. स्वप्नात इंजिनिअरिंगचा एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा पेपर आला. त्यातले प्रश्नसुद्धा पोर्शनमधलेच होते.

हा पेपर त्याने जागेपणीही दिला होता. पदवी खिशात टाकून तो कलेकडे वळला तेव्हा बाबांनी आरडाओरडा केला नाही, नुसती अट घातली: जानेवारीच्या परीक्षेत पास झालास तर रहा, नाहीतर तिकडेच न्यूनेनला श्रीधरकाकाकडे जा, त्याच्या कंपनीत टेस्टिंगला माणसं लागतातच. श्रीधरकाका भला माणूस. दर फोनवर विचारायचा, "काय चित्रकार, जागा धरून ठेवू ना?"

जानेवारीत आई आली. तिकीट स्वस्त होतं आणि मुलगा उपाशी होता, अशी तिने दोन कारणं दिली. आई कॉलेजातली निवृत्त ग्रंथपाल. इथल्या सुपरमार्केटातलं योगर्ट एक चमचा खाऊन तिने डबा बंद केला. "हे दही नाही, हे दह्याचं भाषांतर आहे."

तिने न्यूनेनहून, श्रीधरकाकाच्या शैलाकाकूंकडून स्टीलच्या डबीत विरजण आणलं. पण घरमालकीणबाईंचं हीटिंग अठरा अंशांच्या वर जायचं नाही, आणि दूध सकाळी होतं तसंच दूध. मग एकदा ती सुश्रुतचा स्टुडिओ बघायला आली. सिमेंटची छत्री तिने पाहिली, दातवाला बूट पाहिला. शेवटी रेडिएटरवर हात ठेवला आणि तिचा चेहरा उजळला.

"इथे लागेल."

दुसऱ्या दिवशी रेडिएटरशेजारच्या खुर्चीवर पातेलं बसलं. अंगात सुश्रुतचा कोपराला भोक पडलेला स्वेटर, बाह्या पुढे गाठ मारून बांधलेल्या. वरून बाबांची तपकिरी माकडटोपी, जी आईने विमानात घातली होती. टोपीत तोंडाच्या जागी स्टीलची झाकणी चमकत होती. आई कँटीनमध्ये चहाला गेली आणि मार्लूस आत आली.

ती दारातच थांबली. "हा कोण आहे?"

"दही," सुश्रुत म्हणाला. "म्हणजे अजून दूध आहे. दही व्हायचंय."

"वाट बघतोय," मार्लूस कुजबुजली.

"आईने ठेवलंय. थंडी वाजू नये म्हणून."

मार्लूसच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "शुक्रवारी परीक्षा-समितीपुढे हेच ठेव. फक्त हेच."

"पण हे माझं नाहीये."

"तेच तर!" म्हणून तिने त्याचा दंड दाबला.

खरं बोललं की माणूस सुटतो असं त्याला शाळेत शिकवलं होतं. इथे तो जितकं खरं बोलत गेला तितका अडकत गेला.

घरी त्याने आईला सांगितलं.

"म्हणजे माझ्या दह्याची परीक्षा?"

"दह्याची नाही गं."

"मग कशाची?"

ते सुश्रुतलाही नीट ठाऊक नव्हतं. "तू फक्त आज ठेवलं होतंस तसंच ठेव. अगदी तस्सं."

"ठेवते रे. त्यात काय एवढं!"

शुक्रवारी तो समितीच्या तिघांना आणायला खाली गेला. मार्लूस त्यांना जिन्यातच सांगत होती, काही बोलू नका, नुसतं बघा. दार उघडलं, आणि त्यांनी नुसतं बघितलं.

खुर्ची लख्ख पुसलेली होती. स्वेटर गायब. टोपी गायब. पातेल्याच्या खांद्यांवर आईला निरोप-समारंभात मिळालेली जरीकाठी शाल, समोर नारळ, झाकणीला हळदकुंकू. पातेल्याचा सत्कार चालला होता, आणि शेजारी आई रेशमी साडीत, पायांत लोकरी मोजे घालून, हात जोडून उभी होती.

"आई, हे काय?"

"अरे, चार लोक येणार, त्यांना तो भोकाचा स्वेटर दाखवायचा? आणि तो बूट कपाटात टाकलाय बरं का. छत्रीही. भीती वाटते लोकांना."

म्हणजे दीड वर्षातलं त्याचं स्वतःचं जे काही होतं, तेही आता कपाटात होतं.

"तो कुठे गेला?" मार्लूसने विचारलं. घरातलं कुणी हरवल्यासारखं.

समितीतले टकले गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते. "सुंदर आहे," ते म्हणाले. "पण सजावट आहे."

"इथे कुणालाच थंडी वाजत नाहीये," दुसऱ्या बाई खेदाने म्हणाल्या.

"काय म्हणतायत रे?" आईने विचारलं.

"सुंदर आहे म्हणतायत."

"मग तोंडं का अशी?" असं म्हणून तिने शाल बाजूला केली, झाकणी काढली आणि कागदी कपांतून सगळ्यांना साखर घालून दही दिलं. कवडी पडलेलं, घट्ट, सुरीने कापावं असं. टकल्या गृहस्थांनी दोनदा घेतलं. निकालावर त्याचा परिणाम झाला नाही.

निकाल होता हेरकान्सिंग, म्हणजे फेरपरीक्षा, मार्चमध्ये. मार्लूसने जाताना हळूच सांगितलं, "तोच घेऊन ये. टोपीवाला."

आईला त्याने इतकंच सांगितलं, की त्यांना पुन्हा एकदा बघायचंय.

"बघ! आवडलं!" ती म्हणाली आणि तडक बाबांना फोन लावला. तिच्या आवाजातला आनंद ऐकून सुश्रुतला तोंड उघडवेना. रविवारी तिने चमचाभर विरजण डबीत घालून दिलं, दूध कोमट झालं की नाही ते करंगळी बुडवून बघायला शिकवलं आणि सुरकुत्या काढून शाल त्याच्या हातात ठेवली. "ही राहू दे. परत लागेल."

मग माकडटोपी कानांवर ओढून घेऊन ती विमानतळाच्या गेटातून आत गेली. सुश्रुत त्या टोपीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. आई वळून वळून हात करत होती. तिला वाटलं, आपल्यासाठीच उभाय.

त्याने बाजारातून एक जाड लोकरी टोपी आणून पातेल्याला घातली. मार्लूसने मान तिरकी केली. "हा दुसराच कुणीतरी आहे."

शेवटी त्याने बाबांना फोन लावला.

"बाबा, ती तपकिरी माकडटोपी कुरिअरने पाठवाल का?"

"का रे? थंडी फार आहे का?" बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "तरी मी हिला म्हणत होतो, टोपी त्याला ठेवून ये म्हणून. कानाला वारा लागू देऊ नकोस."

इथे नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण दीड वर्षात न लागलेली खरं बोलायची सवय त्याला नेमकी याच महिन्यात लागली होती.

"मला नकोय," तो म्हणाला. "पातेल्याला हवीय. तिच्याशिवाय मी पास होणार नाही."

 गॅसवरचं दूध वर येऊ लागलं होतं. सुश्रुतने फोन कानाला धरूनच आच कमी केली.

"बरं," बाबा म्हणाले. "पाठवतो." मग, अगदी साधेपणाने, "पण मग पहाटे फिरायला जाताना मी काय घालू?"