खेळाडूंचा माणूस

फळ्याखालची पन्हळ रिकामी होती — पेन सोडा, पेनाचं टोपणसुद्धा नाही. आणि तुम्ही विसरला नव्हतात, ते तुम्हाला लागणारच नव्हतं. मुख्य प्रशिक्षकाची मुलाखत फळ्यापाशी होते, हे मैदान झाडणाऱ्यालाही ठाऊक असतं. आम्ही बाण काढायचे, तुम्ही खोडा घालायचा, ‘अन् चेंडू इकडून आला तर?’ पण मला काय विचारायचं? एका तरी काळ्याला बोलावल्याशिवाय जागा भरता येत नाही असा नियम, एवढ्यासाठी तर मी होतो…

हे सगळं मनात म्हणत वेंडेल पेटवे मासे मक्याच्या पिठात घोळवत होता. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपवून हा साहाय्यक प्रशिक्षक बेसेमर गावी घरी आला होता, स्वयंपाकघरात जानेवारीचं ऊन होतं, शेगडीवर पालेभाजी रटरटत होती, आणि — हेच त्याला उमगत नव्हतं — आत एवढी आग असून त्याला बरं वाटत होतं.

“मनात कुणाला शिव्या घालतोयस? मासा घाबरलाय बघ,” वर्लीन म्हणाली.

“मेलाय तो.”

“सुटला बिचारा. मला रोज ऐकायचंय.”

तो हसला. बायकोला कसं सांगावं, की परवा मुलाखतीच्या त्या खोलीत आपण थोडा वेळ खरंच सुखात होतो? क्लबचा व्यवस्थापक क्रेग हॅलोरन गोड गोड बोलत होता — “पोरं तुझ्यासाठी जीव टाकतात म्हणे, वेंडेल. तू खरा खेळाडूंचा माणूस!” हाच तो शब्द. गोऱ्याला म्हणतात डोकेबाज, आम्हाला म्हणतात खेळाडूंचा माणूस. म्हणजे डोकं त्यांचं, आम्ही नुसते गुराखी. मैदानात हाडं मोडून घेणारी बहुतेक पोरं आमचीच, त्यांना थोपटायलाही आम्हीच, आणि मी डोळे फोडून रचलेली बचावफळी — ती म्हणे मायेनं उभी राहिली!

तेव्हा त्यानं कॉफीच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या पुढ्यात ओढल्या आणि टेबलावरच संघ मांडला — पांढऱ्या त्यांच्या, तपकिरी आपल्या. हॅलोरननं घड्याळ पाहिलं. पण पेंगुळलेला म्हातारा मालक पुढं वाकला. “हा कोपरा उघडा पडला की!”

“मुद्दाम ठेवलाय, साहेब. त्यानं यावं म्हणून.”

म्हाताऱ्यानं पुडी सरकवली, फसला. पुन्हा सरकवली, पुन्हा फसला, आणि शिवी हासडून पोरासारखा खिदळला. तेवढा वेळ खोलीत काळा नव्हता, गोरा नव्हता, नियम नव्हता… नुसता खेळ होता. त्यात मी होतो, माझं डोकं होतं. ते कुणी परत घेऊ शकत नाही. मग जागा मिळाली नाही तर? नाही, जागा हवीच. माझी आहे ती.

फोन वाजला. हॅलोरन.

“वेंडेल, मंडळींनी ब्रॅडीला घ्यायचं ठरवलंय. पोरगा डोकेबाज आहे. तुझ्याबद्दल वावगं काही नाही हं. तू तर खेळाडूंचा—”

इथं आभार मानायचे असतात. धंद्याची रीत, आभार मानले नाहीत तर पुढचं बोलावणं येत नाही. दरवेळी ते आपसूक ओठांवर यायचे. आज वेंडेलनं वाट पाहिली, ते आलेच नाहीत. राग चढेल म्हणून थांबला, तोही चढला नाही. छातीत हलकं, मोकळं काहीतरी पसरत गेलं… हे घाबरणं नव्हे, एवढं त्याला कळलं.

“क्रेग,” तो म्हणाला, पहिल्यांदाच ‘साहेब’ न लावता, “माझ्या खेळात काय खोट होती?”

“अरे, खेळाचा प्रश्नच नाही—”

“मग कशाचा?”

“वेंडेल, हे असं विचारायचं नसतं.”

“नसतं. पण विचारतोय.”

वर्लीननं शेगडी बारीक केली. वेंडेल खुर्ची ओढून ऐसपैस बसला.

“मला घाई नाही. कशाचा प्रश्न आहे, ते तुझ्या तोंडानं सांग. बोल.”