हाताला आधी कळतं

तेजश्री काँक्रीटच्या भिंतीला कान लावून उभी होती आणि तिच्यापासून चार हातांवर कासम डाव्या हातातल्या हातोडीने हळूहळू ठोकत पुढे सरकत होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आता पोकळ वाटतंय."

"वरचा गिलावा सुटलाय तिथे. आत काँक्रीट नीट हाय. आता परत ऐका."

ती पुन्हा कान लावून ऐकू लागली. कासमला गंमत वाटली. मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसातून आलेले साहेबलोक भिंतीकडे बोट दाखवत, भिंतीला हात लावत नसत. ही पुण्याची, तिशीच्या आतबाहेरची सेफ्टी इंजिनिअर तीन दिवस रोज दीड-दोन तास गाडी हाकत रुस्ताकपर्यंत येत होती आणि आल्या आल्या हेल्मेट नीट बसवून त्याला शोधत होती.

ती आली होती अपघाताच्या चौकशीला. रुस्ताकबाहेर कंपनी एक दुमजली गोदाम बांधत होती. आठवड्यापूर्वी तिथल्या एका खांबात अँकर बसवण्यासाठी भोक पाडताना हॅमर ड्रिलचं बिट आतल्या सळईत अडकलं, मशीनच गर्रकन फिरलं आणि कासमचं मनगट मोडून गेलं. मशीनला दुसऱ्या हाताने धरायचं साईड हँडल लावलेलं नव्हतं. कसं नव्हतं, असं साइट इंजिनिअरने विचारलं तेव्हा कासम वेदनेने अर्धवट शुद्धीत होता. "स्टोअरमधून मिळालाच नाय," असं तो म्हणाला. नंतर शुद्धीवर आल्यावरही त्याने ते वाक्य मागे घेतलं नाही.

स्टोअर सांभाळणारा इम्रान संगमेश्वरचा. हँडल मी स्वतः मशीनसोबत दिलं होतं, असं तो शपथेवर सांगत होता. त्याच्या वहीत नुसतं 'मशीन एक' लिहिलेलं. चौकशी होईपर्यंत त्याला कामावर यायला मनाई होती. तो कॅम्पवरच्या खोलीत बसून असायचा.

तेजश्रीच्या फॉर्मवर अकरा प्रश्न होते. ते पहिल्याच दिवशी संपले. पण तिच्या स्वतःच्या प्रश्नांना अंत नव्हता. भोक पाडायच्या आधी काय बघता? नकाशात दाखवलेली सळई खरंच तिथेच असते का? मशीनवर जोर का द्यायचा नाही?

कासमला ओमानात सत्तावीस वर्षं झाली होती. या सत्तावीस वर्षांत त्याला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, किती भोकं राहिली? त्यामुळे पहिल्या दिवशी तो बिचकत, शब्द शोधत बोलला. दुसऱ्या दिवशी त्याला थांबवावं लागलं. त्याने तिला सांगितलं की भिंतीत लोखंड आणि वायर शोधायचं यंत्र फिरवल्याशिवाय बिट टेकवायचं नाही, आणि यंत्र गप्प राहिलं तरी त्याच्यावर पुरता विश्वास टाकायचा नाही. शिडीवर चढून हे मशीन कधी चालवायचं नाही, कारण झटका बसला की पाय ठेवायला जागा नसते. पाय फाकवून उभं राहायचं, सुरुवात हळू करायची, भोकाला तोंड फुटलं की मगच वेग द्यायचा. मशीन आपलं काम आपण करतं, आपण नुसतं सरळ धरायचं. आतली धूळ पंपाने काढायची, तोंडाने फुंकायची नाही. तसं फुंकणारा त्याच्या माहितीतला एक माणूस चाळिशीतच जिना चढताना बसायला लागला होता. धुळीवरून आत काय लागलंय तेही कळतं, असं म्हणून त्याने चिमूटभर धूळ तिच्या हातावर ठेवली. गिलाव्याची रवाळ, ब्लॉकची काळपट, काँक्रीटची पिठासारखी. तिने ती बोटांनी चोळून पाहिली. त्यानेही चोळल्यासारखं केलं.

आज ती शेवटच्या खेपेला आली होती. रिपोर्ट उद्या द्यायचा होता. आहे त्या जबाबांवरून ठपका स्टोअरवरच येतो, असं तिने सकाळी त्याला सरळ सांगितलं होतं. मग म्हणाली, तो विषय बाजूला ठेवा, मला सळईचं सांगा.

"सळई लागली की आवाज बारीक होतो," कासम म्हणाला. "धूळ यायची थांबते. पण आवाजाच्या आधी हाताला कळता."

"हाताला काय कळतं?"

हे त्याने कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. त्याने डोळे मिटले. "कसा सांगू तुमाला. माणूस बोलता बोलता अडखळतो ना, तसा मशीन अडखळता. एवढासा. त्याच वक्ताला बटनावरचा बोट सोडायचा. सोडला तर काय होत नाय. मशीनमधला क्लच हाय, पण तो झटका बसल्यावर सुटतो. हात त्याच्या आधी सुटायला पायजे."

तिने ते सगळं लिहून घेतलं. तिचं पेन थांबलं. मग मघाच्याच कुतूहलाने, धूळ का चोळून बघायची असं विचारावं तशी तिने विचारलं, "मग त्या दिवशी हाताला कळलं नाही का?"

कासमजवळ उत्तरं होती. शेजारी मिक्सर चालू होता, सळई तिरकी होती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे संशय असता तर यातलं एखादं उत्तर सहज तोंडातून निघून गेलं असतं. पण तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

खांबातल्या त्या अर्धवट भोकाकडे त्याने पाहिलं. मनात काय काय येऊन गेलं. लेकीचं, मेहविशचं, फार्मसीचं एक वर्ष अजून बाकी होतं. दाभोळजवळच्या आपल्या गावी परत जाऊन दिवसभर काय करणार हा प्रश्न होता. आणि या सगळ्याच्या पुढे इम्रान दिसत होता. पहिल्यांदा साइटवर आला तेव्हा स्वतःच्या डब्यातली मच्छी अर्धी काढून देणारा, कासमभाय म्हणणारा.

"मॅडम, मना कॅम्पवर घेऊन चला," तो म्हणाला. "इम्रानसमोर बोलायचा हाय."

गाडीत तेजश्रीने काही विचारलं नाही. सतत प्रश्न विचारणाऱ्या बाईला ते किती जड गेलं असेल हे त्याला समजत होतं.

कॅम्पवर इम्रान दारातच खुर्ची टाकून बसला होता. दोघांना पाहून उठला, पण कासमला सलाम केला नाही. कासम त्याच्यासमोरून आपल्या खोलीत गेला. खाटेखालची पेटी त्याने पायाने ओढली, एका हाताने उघडली आणि कपड्यांच्या तळातून काळं हँडल काढलं. बाहेर येऊन ते त्याने इम्रानच्या खुर्चीवर ठेवलं.

"तू दिलेलास," तो म्हणाला. "मीच काढला. जेवणाच्या पिशवीत टाकला. इम्रान, मी खोटा बोललो."

इम्रानने हँडल उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. चिडला नाही. "सात दिस झाले," एवढंच तो हळू म्हणाला. "सात दिस मी घरी फोन नाय केला, कासमभाय. काय सांगणार होतो?" मग हँडल घेऊन तो आत गेला. दार त्याने लावलं नाही. पण बाहेरही आला नाही.

कासम तिथेच पायरीवर बसला. मग त्याने तेजश्रीला सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी थंडीत सकाळी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली. खडूसारखी. थोड्या वेळाने मुंग्या येऊन परत लाल झाली. पुढच्या थंडीत चार बोटं. मग उन्हाळ्यातही टोकांना काही कळेनासं झालं. सुट्टीत घरी गेला तेव्हा कुडत्याची बटणं लागेनात. बायकोने, वजीराने, एकदा विचारलं, तेव्हा काजं लहान केलीत शिंप्याने, असं त्याने सांगितलं. तिने न बोलता सगळ्या कुडत्यांची काजं मोठी करून दिली. पण मशीनचं काय करणार? साईड हँडल मुठीत धरलं की सगळी थरथर त्याच बोटांत जायची आणि ती पांढरी पडली की पकड सुटायची. मग त्याने युक्ती काढली. हँडल काढून ठेवायचं, डाव्या हाताची कोपरापुढची बाजू मशीनखाली द्यायची आणि खांद्याने रेटायचं. नव्या माणसाला असं करताना पाहिलं असतं तर कासमनेच हातातून मशीन काढून घेतलं असतं.

"उजव्या हाताचं काय?" तेजश्रीने विचारलं.

"त्याच्यावर भिस्त होती. त्या दिवशी कळला, तोही गेलाय. मशीन अडखळला असेल. मना काय लागलाच नाय."

"दोन वर्षं तुम्ही कुणालाच का नाही सांगितलंत?"

"सांगितला तर खलास ना. घरी." मग तो म्हणाला, "तुमी हँडलचा इचारला असतात तरी मी सांगितला नसता. तुमी हाताबद्दल इचारलात म्हणून..." तेजश्रीने ते वाक्य पुरं करायला लावलं नाही.

मग सगळं भराभर झालं. इम्रान दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाला. कासमला मस्कतच्या डॉक्टरने तपासलं. बोटं थंड पाण्यात बुडवायला लावली, टोकांना सुई टोचून विचारलं, कळतंय का? सात बोटांना कळलं नाही. मशीनच्या वर्षानुवर्षांच्या थरथरीनेच बोटं अशी झालीत, थरथरणारं कुठलंही अवजार यापुढे हातात घ्यायचं नाही असं डॉक्टरने लिहून दिलं. प्लास्टर निघेपर्यंत कंपनी ठेवून घेणार होती, नंतर परतीचं तिकीट. त्या रात्री त्याने वजीराला फोनवर सगळं सांगितलं. मला माहीत होतं, असं ती म्हणाली. तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत होते.

तेजश्रीचा रिपोर्ट अकरा प्रश्नांत मावला नाही. नवीन मशीनं घ्यावीत, कुणी किती वेळ मशीन चालवायचं ते ठरवावं, ड्रिलवाल्या सगळ्यांचे हात तपासावेत, असं तिने लिहिलं. आणि कासमभाई इथे आहेत तोवर त्यांनी बाकीच्यांना शिकवावं, असंही. शिकवायचं कसं ते आपल्याला ठाऊक नाही, असं कासम म्हणाला. मला शिकवलंत तसं, असं ती म्हणाली.

जानेवारीतल्या एका सकाळी गोदामाच्या खालच्या मजल्यावर अकरा माणसं उभी होती. डोंगराकडून गार वारा येत होता. तेजश्री मागे, भिंतीला टेकून. कासमने मशीन टेबलावर ठेवायला लावलं, हँडल कसं घट्ट बसवायचं ते सांगितलं, गॉगल, मास्क, कानातले बोळे दाखवले. माणसं ऐकत होती, पण असलं ऐकणं त्याला ओळखीचं होतं. त्यानेही सत्तावीस वर्षं असंच ऐकलं होतं.

तो बोलायचा थांबला. खिशातून डावा हात बाहेर काढून त्याने टेबलावर पालथा ठेवला. चार बोटं मधल्या पेरापर्यंत पांढरी होती, जणू दुसऱ्या कुणाची आणून जोडलेली.

"हात लावून बघा," तो हिंदीत म्हणाला. "एकेक जण. दाबा."

आधी कुणी पुढे येईना. मग एक बिहारी फिटर आला, त्याने मधलं बोट चिमटीत धरलं. त्याच्यामागे दुसरा आला, मग तिसरा. कुणी हलकेच दाबत होतं, कुणी जोरात, कुणी कासमच्या चेहऱ्याकडे बघत. कोण किती दाबतंय ते कासम बघूनच ओळखत होता.

सगळ्यांत शेवटी ताबिश आला. बत्तीस-तेहतीसचा, गेली आठ वर्षं ड्रिल चालवणारा. त्याने कासमच्या बोटांना हात लावला नाही. डाव्या हातातला हातमोजा काढून त्याने आपला हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट, दोन्ही टोकाला पांढरी होती.

कासमने आपला हात जरासा सरकवून त्याच्या हाताला जागा करून दिली.