भिंतीवरचा रेबवार

कुर्दिस्तान पहाट पक्षाच्या इतिहासात फुटी भरपूर झाल्या. विजय अजून व्हायचे आहेत. शेवटच्या फुटीनंतर सुलेमानिया शहरात एकाच गल्लीत दोन कार्यालयं थाटली गेली: पहाट पक्ष आणि पहाट पक्ष (मूळ). सीमेपलीकडच्या ज्या सरकारला आम्ही उलथवणार होतो, त्याला याची कल्पना नसावी. यंदा दोन्हीकडे माणसंच उरली नाहीत, तेव्हा आम्हाला एकीचं महत्त्व पटलं.

बोलणी अडली ती हुतात्म्यांवर. नव्या कार्यालयाची भिंत लहान, त्यामुळे दोन्ही गटांचे फोटो सारख्याच संख्येनं लावायचं ठरलं. हुतात्म्यांतला रेबवार फुटीच्या आठवड्यातच पलीकडच्या डोंगरात मारला गेला होता. पक्ष फुटल्याचं त्याला कळलंच नाही. इतकी वर्षं दोन्ही गट 'तो आमचा' म्हणून भांडले. आता आपल्या वाट्याची एक जागा जाईल म्हणून दोघेही 'तो तुमचा' म्हणू लागले.

त्याचं प्रेत आलं नाही, म्हणून कबर नाही. दर गुरुवारी बायका कबरस्तानात हलवा वाटतात, तसा त्याची आई परीजाद मावशी आमच्या कार्यालयात, त्याच्या फोटोखाली वाटायची. खाणाऱ्यानं त्याच्यासाठी फातिहा म्हणायचा. आमच्यातले नास्तिकही हलव्यापुरते ओठ हलवायचे.

सामान हलवताना मावशी आली. दाराआड लावा, चहाच्या खोलीत लावा, अशी विनवणी तिनं करून पाहिली. सरचिटणीस हसीब, आम्हा सगळ्यांचे 'काक' म्हणजे दादा, फायली बांधत राहिले.

"घरी लावला तर फातिहा म्हणायला कोण येणार, काक हसीब? माझं कोण उरलंय?"

"मावशी, प्रश्न जागेचा नाही, भूमिकेचा आहे. फुटीच्या वेळी त्याची भूमिका काय होती?"

"मेला होता."

ही भूमिका धरायची की नाही, यावर मागे कुजबुज झाली. मावशीनं जमिनीवरचा फोटो उचलून काखेत धरला.

"मग मीही फुटले," ती म्हणाली.

"नाव काय घेणार?" काक हसीबांनी सवयीनं विचारलं.

"रेबवार."

पुढच्या गुरुवारी ती हलव्याचं ताट घेऊन खालच्या रस्त्यावरच्या स्वतःच्या उंबऱ्यावर बसली. तिथे खाणं म्हणजे फुटीर गटाला मान्यता देणं, असा मुद्दा बैठकीत निघाला. कुणीही जायचं नाही, हा ठराव एकमतानं झाला. पक्षाच्या इतिहासातलं हे पहिलं एकमत.

ती अंधार पडेपर्यंत बसते म्हणे. आम्ही वरच्या रस्त्यानं घरी जातो.